अहवाल हातात आल्यावर

कोल्हापूरच्या माणसाला तिखट सोसेनासं झालं, तर घरात ते लगेच कळतं. उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी करून ठेवणारा हा जिल्हा. सकाळी कटाची मिसळ, शेतावर भाकरीबरोबर खर्डा, रविवारी तांबडा-पांढरा. अशा घरातला चाळिशीचा कर्ता पुरुष ताट सरकवून म्हणतो, ‘झोंबतंय. माझ्यापुरतं दह्यात कालव.’ बायकोला वाटतं, तोंड आलं असेल. आई म्हणते, उष्णता झाली. गुलकंद येतो, सब्जा भिजतो, औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची पट्टी आणि तोंडात लावायचं जेल येतं. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा झोंबतं. हळूहळू सगळं घरच त्याच्यासाठी कमी तिखट करायला लागतं आणि विषय मिटल्यासारखा होतो.

पुढची खूण जांभईची. तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, पाणीपुरी तोंडात मावत नाही. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी सहज जातात. याची दोनच जातात, पण मोजून कोण बघतो? मग कधीतरी दाढ हलू लागते आणि माणूस दाढ काढायला दंतवैद्याकडे जातो. त्याच्या मनात आजार दाढेचा असतो, खर्चाचा अंदाज दाढेचा असतो, रजा अर्ध्या दिवसाची असते. दंतवैद्य आरसा आत घालतात, गाल बाजूला ओढतात, थोडा वेळ काही बोलत नाहीत आणि मग विचारतात, ‘तंबाखू, मावा, काही आहे का?’ दाढ त्या दिवशी निघत नाही. तुकडा तपासायला पाठवावा लागेल, असं सांगितलं जातं.

कोल्हापूर, सांगली आणि निपाणीच्या पट्ट्यात तोंडाच्या कर्करोगाचं निदान बहुतेकदा असं, दुसऱ्याच कामासाठी गेलेल्या माणसाला भेटतं. म्हणून ते त्याला आभाळातून पडल्यासारखं वाटतं. त्या धक्क्याची चेष्टा करण्याचं काही कारण नाही. पण वैद्यकाच्या बाजूनं बघितलं तर या आजाराइतका उघड्यावर वाढणारा कर्करोग दुसरा क्वचितच असेल. फुप्फुस, स्वादुपिंड, अंडाशय यांच्या आत डोकावायला यंत्र लागतं. तोंडाला बॅटरी आणि आरसा पुरतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं फक्त डोळ्यांनी तपासली. त्याचे निष्कर्ष २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. तंबाखू खाणाऱ्या किंवा दारू पिणाऱ्या लोकांमध्ये या साध्या तपासणीनं तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. महागडं औषध नाही, शस्त्र नाही, फक्त वेळेवर बघणं.

आणि महाराष्ट्रानं तर हे त्याहीआधी बघितलं होतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली. तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. सुपारीनं तोंड आखडण्याच्या विकाराचं वर्णन मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच केलं होतं. सुपारीतले घटक गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली तंतू साठवत जातात, गाल कडक होतो, पांढरट पडतो, तिखट सोसत नाही, जबडा उघडत नाही. हा कर्करोग नव्हे, पण त्याच्या वाटेवरचा थांबा आहे. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी’ असं सांगणाऱ्याला या वाक्यातून सुटका मिळत नाही.

बायकांचं आणखी वेगळं. ‘मला कसलं व्यसन न्हाई, नुसती मिसरी लावते,’ हे उत्तर या भागातल्या डॉक्टरांनी किती वेळा ऐकलं असेल! तव्यावर किंवा पत्र्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, डबीत भरायचा आणि बोटानं हिरड्यांवर घासायचा. मिसरी म्हणजे तंबाखूच, भाजलेला. दाढ दुखते म्हणून लहानपणी कुणीतरी आत्या किंवा आजी लावायला देते आणि मग ती सुटत नाही. सकाळी मिसरीशिवाय पोट साफ होत नाही, दुपारी कामाला हुरूप येत नाही, भुकेच्या वेळी तीच आधार. घरात तिला दात घासण्याचं साधन मानतात, म्हणून डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असंच येतं. २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या मुंबईतल्या अभ्यासात गरोदरपणी असा तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची जन्मल्याचं दिसलं. त्यातल्या बहुतेक जणी मिसरीच लावत होत्या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जेमतेम ३.८ टक्के धूम्रपान करणारे निघाले आणि धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपल्या राज्यात तंबाखू ओढला कमी जातो, तोंडात ठेवला जास्त जातो. तो जिथं ठेवला जातो, गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खोबणीत, तिथंच आपल्याकडचा कर्करोग प्रामुख्यानं वाढतो. बार डाव्या बाजूला भरायची सवय असलेल्याचा चट्टाही पुष्कळदा डावीकडेच सापडतो.

कागल ओलांडून महामार्गानं दक्षिणेला निघालं की निपाणी येतं. विडीच्या तंबाखूची ही मोठी बाजारपेठ. तिथल्या शेतकऱ्याला तंबाखूनं दोन पैसे दिले आणि दुःखही दिलं. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी शेतकरी याच महामार्गावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात त्यांतल्या काहींचे प्राण गेले. तंबाखूच्या वखारींत दिवसभर धुळीत बसून काम करणाऱ्या बायकांची संघटना प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधली. त्या बायकांच्या लढ्यावर दीपा धनराज आणि ‘युगांतर’ गटानं १९८२ साली माहितीपट केला. हे इथं सांगायचं कारण एवढंच की या भागात तंबाखू म्हणजे शेजाऱ्याचं पीक, मामाची मजुरी, बाजारची उलाढाल. परक्या शत्रूकडे बघावं तसं त्याच्याकडे कुणी बघत नाही. चुना मळून पुढं केलेली चिमूट नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं, असं आजही अनेक पारांवर मानलं जातं. आजार या जिव्हाळ्याच्या आडोशानं वाढतो.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. महाराष्ट्रानं २००२ साली गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांचा आधार घेऊन जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली आणि ती दरवर्षी वाढवली जाते. पण पानाच्या टपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना चोळून दिल्या जाणाऱ्या माव्याला कारखाना लागत नाही, वेष्टनही लागत नाही. १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागेत इशारा आणि चित्र असतं. रोज ती पुडी फोडणाऱ्याला ते चित्र दिसेनासं होतं, हा अनुभव सगळीकडचा आहे.

२००४ हे साल आणखी एका कारणानं महाराष्ट्राच्या लक्षात आहे. लोकसभेच्या निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवार यांना तोंडाचा कर्करोग असल्याचं कळलं. वय ६३. त्यांचं आजोळ कोल्हापूर जिल्ह्यातलं, आई शारदाबाई इथल्या. मुंबईत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी ते केंद्रात कृषिमंत्री झाले आणि दिवसाचा पहिला भाग मंत्रालयात, दुपारनंतर किरणोपचार, असे दिवस त्यांनी काढले. पुढं त्यांनी हे लपवून ठेवलं नाही. २०१८ साली मुंबईत दंतवैद्यांच्या संघटनेच्या कार्यक्रमात त्यांनी स्वतःच सांगितलं, की चाळीस वर्षांपूर्वी कुणी सावध केलं असतं तर बरं झालं असतं. दात काढावे लागले, तोंड नीट उघडत नव्हतं, गिळताना आणि बोलताना त्रास होत होता, हेही सांगितलं. ज्याचं सगळं आयुष्य भाषणावर उभं, त्या माणसाच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर दोन दशकं तो बोलतोच आहे. त्यांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, अहवाल हातात घेऊन बसलेल्या रुग्णासाठी ही माहिती औषधाइतकी मोलाची आहे. ऑपरेशननंतर माणूस संपतो, ही समजूत एका ठसठशीत उदाहरणानं खोटी ठरते.

दुसरं उदाहरण जवळचंच आणि मन विदीर्ण करणारं. तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचे आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गावोगाव नेणारे, उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री झालेले, साध्या घरातून आलेले. तंबाखूची सवय त्यांना होती आणि ती लोकांना ठाऊकही होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते पुन्हा आमदार म्हणून निवडून आले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी मुंबईत तोंडाच्या कर्करोगानं त्यांचं निधन झालं तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. निवडणूक आणि मृत्यू यांत चार महिन्यांचं अंतर. अंजनीला त्या दिवशी जमलेल्या गर्दीतल्या किती खिशांत तंबाखूची पुडी असेल, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

तुकडा तपासण्याचं, म्हणजे बायोप्सीचं काम फार मोठं नसतं. जागा बधिर करतात, चट्ट्याच्या कडेचा छोटा तुकडा काढतात, लागला तर टाका घालतात. आठवडाभरात अहवाल येतो. बहुतेक वेळा त्यावर ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ असं लिहिलेलं असतं. कॉलेजात शिकणारा पुतण्या मोबाइलवर ते शब्द शोधतो आणि घरात रडारड सुरू होते. पहिली भीती असते, ‘हात लावला म्हणून आता पसरणार.’ बायोप्सीनं तोंडाचा कर्करोग पसरतो, ही समजूत इतकी घट्ट आहे की काही जण तुकडा देण्याआधीच पळ काढतात. तुकडा न काढता कुठलाही शहाणा सर्जन पुढं जाणार नाही. काय आहे हे नक्की कळल्याशिवाय किती कापायचं हे कसं ठरणार?

दुसरी गोष्ट घरात ठरते: ‘त्याला सांगायचं नाही.’ मायेपोटीच ठरते. पण पोटातला आजार एक वेळ लपवता येईल, हा लपवता येत नाही. ज्याचा गाल, जबडा, बोलणं आणि खाणं बदलणार आहे, त्याला ते आधी माहीत असलंच पाहिजे. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर गळ्यात नळी आणि तोंडात आवाज नाही, हे ज्याला आधी सांगितलेलं नसतं त्याची अवस्था कल्पनेपलीकडची असते. ज्याला सांगितलेलं असतं तो पाटी मागून घेतो, नाहीतर मोबाइलवर लिहून बोलतो.

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात महाग पडणारी, म्हणजे थांबणं. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू आहे, ऊस जाऊ दे. बिल जमा होऊ दे. मुलीचं लग्न ठरलंय. जोतिबाची यात्रा होऊ दे. अमुक गावचा वैद्य खात्रीचं औषध देतो, महिनाभर ते घेऊन बघू. यातलं एकही कारण खोटं नसतं. उसाचं बिल हाच वर्षाचा पैसा असेल, तर माणूस त्याची वाट बघणारच. पण गालाच्या खोबणीतला चट्टा खालच्या जबड्यापासून काही मिलिमीटरवर असतो. तो दोन सेंटिमीटरच्या आत आणि फारसा खोल नाही, तोवर गालाचं अस्तर आणि भोवतालचा निरोगी भाग काढून काम भागू शकतं. हाडाला भिडला की जबड्याचा तुकडा काढावा लागतो. बाहेरच्या त्वचेपर्यंत आला तर गालाची आरपार जागा जाते. मागं, चावण्याच्या स्नायूंकडे वर सरकला तर काही वेळा शस्त्रक्रियाच शक्य राहत नाही. ज्या ऑपरेशनची भीती वाटून माणूस दोन महिने थांबला, ते ऑपरेशन दोन महिन्यांनी तेच राहिलेलं नसतं.

म्हणून त्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं, ते उघडपणे बोललं पाहिजे. आधी चेहरा आणि मानेचा सीटी स्कॅन, लागलं तर एमआरआय, छातीची तपासणी, रक्त, साखर, हृदय. भूलतज्ज्ञ तोंड किती उघडतं ते बघतात, कारण आखडलेल्या तोंडातून श्वासाची नळी घालणं अवघड असतं. अशा वेळी दुर्बिणीच्या मदतीनं नाकातून नळी घालतात. मोठं ऑपरेशन असेल आणि सूज येऊन श्वास अडण्याचा धोका असेल, तर गळ्याला समोरून छोटं छिद्र पाडून तात्पुरती नळी बसवतात. नंतर ती काढली की छिद्र भरून येतं.

सर्जन चट्ट्याभोवतीचा निरोगी दिसणारा भागही सोबत काढतात. पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली आजार आणि कापलेली कड यांत किमान पाच मिलिमीटरचं निरोगी अंतर हवं, असा दंडक आहे. गाल, जबडा आणि मानेतल्या ग्रंथी एकत्र काढायच्या मोठ्या ऑपरेशनला ‘कमांडो’ म्हणतात. रुग्णांच्या नातेवाइकांच्या तोंडीही हा शब्द रुळला आहे, आणि ऐकणाऱ्याला उगाच धडकी भरते.

मानेला का हात लावायचा, हा प्रश्न सगळेच विचारतात. ‘गाठ गालात आहे, मान कशाला कापता?’ तोंडाचा कर्करोग पहिल्यांदा मानेतल्या लसिका ग्रंथींत जातो, आणि तिथं गेलेला सुरुवातीला बोटाला लागत नाही. मान लगेच साफ करावी की गाठ दिसल्यावर, यावर जगभरातल्या सर्जनांत अनेक वर्षं मतभेद होते. तो वाद परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासानं बऱ्याच अंशी मिटवला. २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या, मानेत गाठ न दिसणाऱ्या रुग्णांत पहिल्याच ऑपरेशनच्या वेळी मानेतल्या ग्रंथी काढल्या, तेव्हा तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. जगभरच्या उपचाराची दिशा मुंबईत, आपल्याच मावा-तंबाखू खाणाऱ्या रुग्णांच्या सहभागानं ठरली. त्या रुग्णांची नावं कुठं छापून आली नाहीत. त्यांचे उपकार मात्र पुढच्या प्रत्येक रुग्णावर आहेत.

काढलेली जागा भरायची कशी, इथं तर महाराष्ट्राचा इतिहासच आडवा येतो. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता. टिपू सुलतानाच्या लोकांनी १७९२ च्या लढाईत त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढं पुण्याजवळच्या कुंभार जातीतल्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली आणि युरोपातल्या सर्जनांनी ती विद्या तिथून उचलली. त्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही याचं वाईट वाटतं. एका जागेची जिवंत कातडी तिचा रक्तपुरवठा न तोडता दुसऱ्या जागी वळवायची, या तत्त्वावर कपाळाची कातडी तोंडाच्या आतल्या ऑपरेशनांतही पुष्कळ वर्षं वापरली गेली. १९७९ साली स्टीफन एरियन यांनी छातीचा स्नायू आणि त्यावरची कातडी मानेखालून वर आणून तोंडात बसवण्याची पद्धत मांडली. आपल्याकडच्या रुग्णालयांत ती आजही मोठ्या प्रमाणावर होते, कारण ती भरवशाची आहे आणि तिला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पुरुषांच्या छातीवरची कातडी आत गेल्यावर तोंडात केस उगवतात, हे ऐकून रुग्ण दचकतात. किरणोपचारानंतर ते पुष्कळ कमी होतात. जिथं सोय आहे तिथं मनगटाजवळची कातडी किंवा पायातलं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून, सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. पायाच्या त्या हाडाचा नवा जबडा होतो. शरीराचा भार शेजारचं जाड हाड पेलत असतं, त्यामुळे माणूस पुन्हा चालतो, शेतातही जातो.

ऑपरेशननंतरचे पहिले दहा-बारा दिवस अन्न नाकातल्या नळीतून जातं. इथं घरच्या बाईची खरी परीक्षा असते. दूध, डाळीचं गाळलेलं पाणी, नाचणीचं सत्त्व, अंडं घालून पातळ केलेलं काहीतरी, दर दोन तासांनी, कोमट, गाळून. नळी बुजली तर पुन्हा दवाखाना. वजन घटू देणं परवडत नाही, कारण पुढं गरज असेल तर किरणोपचार असतात. जखम भरल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांत ते सुरू व्हावे लागतात. आठवड्यात पाच दिवस, सहा आठवडे, एकूण तीसेक वेळा. कड पुरेशी निरोगी नसेल किंवा मानेतली ग्रंथी फुटून आजार बाहेर आला असेल, तर सोबत केमोथेरपीही देतात. लाळ आटते, चव जाते, तोंड सोलवटतं. चव बहुतेकांची काही महिन्यांत परत येते, लाळ पूर्वीइतकी येतेच असं नाही. किरणोपचार झालेल्या जबड्यातली दाढ पुढं कधीही परस्पर काढू नये. दंतवैद्याला किरणोपचारांविषयी आधी सांगायचं, नाहीतर हाड सडण्याचा धोका असतो. सकाळ-संध्याकाळ लाकडी आइसक्रीमच्या काड्या दातांमध्ये एकेक वाढवत तोंड उघडण्याचा व्यायाम करायचा. मान साफ केल्यामुळे खांदा धरतो, त्याचाही व्यायाम. हे कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं इथंच रुग्ण ढिला पडतो, कारण जीव वाचला म्हणून सगळे निर्धास्त झालेले असतात.

पूर्वी कोल्हापूरकरासाठी कर्करोग म्हणजे संध्याकाळची महालक्ष्मी एक्स्प्रेस आणि सकाळी मुंबई. परळचं टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिकडंच धाव होती. रुग्णाला उपचारासाठी शयनयान आणि तृतीय वातानुकूलित डब्यात रेल्वेभाड्याची पूर्ण सवलत आहे आणि सोबत्याला पाऊण. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अनेकांनी उपचाराचे महिने काढले. आता तेवढ्यासाठी प्रत्येकाला मुंबई गाठावी लागत नाही. कोल्हापूर आणि मिरजेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार होतात. ‘सीपीआर’ म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे शहराच्या मध्यभागी आहेच, आणि नवे पारगावच्या तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयात तोंडाची पहिली तपासणी करून घेता येते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत या शस्त्रक्रिया बसतात. त्या योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. कागदपत्रं मात्र अहवालाच्या दिवसापासूनच जमवायला घ्यावीत: शिधापत्रिका, आधार, बायोप्सीचा अहवाल आणि तुकड्याची काच, म्हणजे स्लाइड. मोठ्या रुग्णालयात ती काच पुन्हा तपासतात, आणि ती गावच्या प्रयोगशाळेतच राहिली तर एक फेरी वाया जाते.

पहिल्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचं, हे घरून लिहून न्यावं असं मला फार वाटतं. आजार कुठल्या टप्प्यात आहे, हाड गेलंय का, मान का साफ करणार, जागा कशानं भरणार, नळी किती दिवस, किरणोपचार कुठं घेता येतील. डॉक्टर घाईत असतात हे खरं. पण कागदावरच्या प्रश्नाला ते उत्तर देतात, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नंतर भावकीतला कुणीतरी देतो.

तंबाखू त्या दिवसापासून बंद व्हावा लागतो. ‘आता काय, व्हायचं ते झालं,’ असं म्हणून ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपर्यंत खाणारे असतात. तसं केल्यानं जखम भरायला उशीर होतो, आणि उरलेल्या गालाला, दुसऱ्या बाजूच्या हिरडीला तोच धोका कायम राहतो. एका तोंडात काही वर्षांनी दुसरा, स्वतंत्र कर्करोग होऊ शकतो. म्हणून उपचार संपल्यावरही तपासण्या सुरू राहतात, पहिल्या दोन वर्षांत जास्त जवळच्या अंतरानं, कारण परत येण्याचा धोका तेव्हाच सर्वांत मोठा असतो. तंबाखू सोडायला मदत हवी असेल त्याच्यासाठी १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक आहे. तो तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो.

या तपासण्यांना रुग्ण एकटा येत नाही. भाऊ येतो, मेहुणा येतो, शेजारच्या शेताचा मालक जीप घेऊन येतो, आणि बायको असतेच. त्या सगळ्यांची चंची, डबी, मिसरी वर्षानुवर्षं एकाच पारावर आणि एकाच ओसरीवर फिरलेली असते. रुग्णाचं तोंड बघून झाल्यावर सोबतच्यांनाही एकेक करून खुर्चीत बसवावं, बॅटरीनं गाल बघावेत, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कडक झालेला गाल शोधावा. याला वेगळी योजना लागत नाही, वेगळा निधी लागत नाही. ओपीडीतली पाच मिनिटं लागतात. कोल्हापूरच्या प्रत्येक दंतवैद्यानं ती द्यावीत, सीपीआरमध्ये रुग्णासोबत आलेल्या प्रत्येक नातेवाइकानं ती मागून घ्यावीत, म्हणजे पुढच्या माणसाला दाढ हलेपर्यंत थांबावं लागणार नाही.